अजून एक बघायचं राहिलंय

समुद्रकाठच्या ताश्लीबुकला नोव्हेंबरात कोणी येत नाही. सहलीच्या होड्या ठोकळ्यांवर चढवून ठेवलेल्या असतात, वाळूवरच्या छत्र्या मशिदीमागच्या गोदामात गेलेल्या असतात, आणि उन्हाळाभर माशांची डोकी खाऊन माजलेली मांजरं दारोदार तोंड वेंगाडत फिरत असतात. असल्या दिवसांत एका दुपारी रिफ्की बेय, म्हणजे रिफ्कीसाहेब, मिनीबसमधून उतरले, तेव्हा कोपऱ्यावरच्या दुकानातल्या साइमेने त्यांना आधी वीजमीटर तपासणारा माणूस समजून घाईघाईने दुकानातला हीटर बंद केला. हातातली बॅग बघून तिचा जीव भांड्यात पडला. मग तिने बोट दाखवून त्यांना नेझाहत हानमच्या, म्हणजे नेझाहतबाईंच्या घरी पाठवून दिलं.

नेझाहत हानम म्हणजे आमच्या गावात पाहुण्यांना खोल्या देणारी सगळ्यात जुनी बाई. बंदराकडे तोंड करून तिचं घर आहे, वरच्या मजल्यावर चार खोल्या, खाली अंगणात डाळिंबाचं झाड. नवरा तालिप होता तोवर तो सहलीची होडी चालवायचा आणि ती खोल्या बघायची. तालिप गेला, होडी विकली, खोल्या राहिल्या. उन्हाळ्यात तिला श्वास घ्यायला फुरसत नसते. सकाळी नाश्त्याला बसलेला प्रत्येक पाहुणा तिला एकच प्रश्न विचारतो, इथे काय बघण्यासारखं आहे? आणि ती पदर खोचून उभी असल्याच्या थाटात, हातातली ऑलिव्हची वाटी खाली न ठेवता, एका दमात सगळं सांगून टाकते. किल्ला, चर्च, पाण्यात बुडालेली थडगी, शेळ्यांचं बेट, कासवांची वाळू, शुक्रवारचा बाजार. लोक ऐकतात, मान डोलावतात आणि जातात. ती स्वतः तालिप गेल्यापासून यातल्या एकाही जागी गेलेली नव्हती. गावातल्या माणसाला गाव बघायला वेळ कुठे असतो?

पण हा प्रश्न तिला कोणीतरी विचारायला हवा असायचा. हे तिला मागच्या हिवाळ्यात कळलं. मुलगी गुल्चिन तिला बुर्सा शहरात घेऊन गेली होती, आठव्या मजल्यावर. नातवाच्या दुमजली पलंगाचा खालचा मजला तिला दिला होता. कोणी वाईट वागलं नाही. तेच तर दुखणं होतं, तक्रार करायलाही काही जागा नव्हती. सगळे सकाळी निघून जायचे, संध्याकाळी येऊन टीव्ही लावायचे, आई जेवलीस का विचारायचे आणि उत्तर यायच्या आत फोनकडे बघायचे. खिडकीतून समोरच्या बिल्डिंगची खिडकी दिसायची. चार महिने तिला कोणी म्हणजे कोणी काही विचारलं नाही, आणि एप्रिलमध्ये ती परत आली तेव्हा पहिल्या पाहुण्याशी बोलताना तिचा आवाज फुटेना.

यंदाही गुल्चिनने ठरवून टाकलं होतं. शेवटचा पाहुणा गेला की कुलूप लावायचं, जावई गाडी घेऊन येईल. रोज दुपारी फोन यायचा, गेला का तुझा पाहुणा? ऑक्टोबरअखेरीपर्यंत एक जर्मन जोडपं पुरलं. ते गेल्याचं नेझाहतने दोन दिवस लपवलं. तिसऱ्या दिवशी रिफ्की बेय दारात उभे राहिले, तेव्हा तिने त्यांच्याकडे ज्या नजरेने बघितलं त्या नजरेने जर्मन जोडप्याकडे खचितच बघितलं नव्हतं.

सत्तरीतला माणूस. एस्किशेहिर शहराचा, साखर कारखान्यात नोकरी करून निवृत्त झालेला. इस्त्री केलेला शर्ट, वर हाताने विणलेलं स्वेटर, आणि त्याच्या कोपराला भोक. एकच रात्र राहायचंय, म्हणाले, उद्या दुपारच्या बसने निघेन.

संध्याकाळी तिने स्टोव्हवर दोन मजली किटली चढवली, खाली उकळतं पाणी, वर चहाचा अर्क. पाहुण्याला चहा द्यायचा म्हणजे एक ग्लास देऊन भागत नाही. ग्लास रिकामा झाला की भरायचा, पुन्हा रिकामा झाला की पुन्हा. पुरे झालं की पाहुणा आपला छोटा चमचा ग्लासाच्या तोंडावर आडवा ठेवतो. तोंडाने काही बोलावं लागत नाही, यजमानाने समजून घ्यायचं असतं. पण रिफ्की बेय साखर घेत नव्हते. उभी हयात साखर कारखान्यात गेली, म्हणाले, आता डोळ्यांसमोर नको. साखर नाही म्हणून नेझाहतने चमचा दिला नाही, आणि चमचा नाही म्हणून रिफ्की बेयना थांबता येईना. तिने भरला, त्यांनी संपवला. तिने पुन्हा भरला. ग्लासावर हात ठेवणं किंवा सरळ ‘नको’ म्हणणं त्यांच्या पिढीतल्या माणसाला जड जात असावं. पाचव्या ग्लासाला त्यांनी हताशपणे टेबलावर इकडेतिकडे बघितलं. तेव्हा कुठे तिच्या ध्यानात आलं, आणि ते ध्यानात आल्यावरही ती उठली नाही.

त्या पाच ग्लासांत त्यांनी विचारलं, “नेझाहत हानम, निघायच्या आधी सकाळी इथे काय बघण्यासारखं आहे?”

नेहमीची यादी तिच्या जिभेवर आली होती. ती तिने गिळली.

“किल्ला आहे,” ती म्हणाली. “पण तो सकाळी घाईत बघायचा नसतो. संध्याकाळचं ऊन पडतं तेव्हा बघायचा.”

किल्ला कोणत्याही उन्हात सारखाच दिसतो. चार भिंती आणि पाण्याचं एक टाकं. पण रिफ्की बेय थांबले, संध्याकाळी चढून गेले, आणि उतरल्यावर म्हणाले की खरंच, ऊन फार सुरेख होतं.

मग काय, तिला युक्तीच सापडली. एकेक जागा ती एकेका दिवसाला वाटून देऊ लागली. तिच्या आईने साठवणीतला गूळ मुलांना दिला नसेल इतक्या हिशेबाने. एक दिवस चर्च, ज्याचं छप्पर पडलंय आणि आत अंजिराचं झाड वाढलंय. एक दिवस हसनच्या घाण्यावर ताजं ऑलिव्ह तेल निघत होतं, ते गरम पावावर घालून खाल्ल्याशिवाय जाणं म्हणजे गावाचा अपमान. मग शुक्रवारचा बाजार आला, तो काय कोणाला सांगून चुकवता येतो? रिफ्की बेय बाजारातून क्विन्सची दोन पिवळी फळं, एक फुलकोबी आणि मांजरांसाठी मासळी घेऊन आले. फुलकोबी तिने शिजवली. दोघांनी खाल्ली. त्या रात्री ती अंथरुणावर पडून बराच वेळ हसत होती, आणि आपण कशाला हसतोय ते तिला नीट सांगता आलं नसतं.

गुल्चिनचा फोन येई तेव्हा ती छाती काढून सांगे, पाहुणा आहे. गुल्चिन म्हणे, अजून तोच? काय बघतोय काय तो तिथे? नेझाहत म्हणे, हळूहळू बघणारा माणूस आहे.

बुडालेल्या थडग्यांवर तिने तीन दिवस काढले. थडगी बंदरापासून हाकेच्या अंतरावर आहेत, गुडघाभर पाण्यात, कोणीही काठावरून बघावीत. पण दक्षिणेकडचा लोदोस वारा सुटला होता, पाणी गढूळ होतं, आणि तिने सांगितलं की वारा पडल्याशिवाय तिकडे जाण्यात अर्थ नाही. वारा पडला तेव्हा ती होडीवाल्या जाफेरकडे गेली आणि म्हणाली, माझ्या पाहुण्याने बेटावर नेतोस का विचारलं, तर इंजिन बिघडलंय म्हणून सांग.

जाफेर होडीला रंग देत होता. त्याने ब्रश खाली ठेवला.

“ताई, इंजिन चांगलं ठणठणीत आहे माझं.”

“मग चार दिवस आजारी पाड त्याला.”

जाफेरने पुन्हा ब्रश उचलला, पण दुपारपर्यंत ही गोष्ट साइमेच्या दुकानात पोचली. नेझाहत अंडी घ्यायला गेली तेव्हा साइमेने अंडी मोजता मोजता विचारलं, काय गं नेझाहतताई, पाहुणा ठेवलायस की घरजावई? दुकानात दोघी-तिघी होत्या, त्या हसल्या. नेझाहतही हसली. हसता हसता तिचे कान तापले. लोकांना वाटलं ती लाजली. ती लाजली नव्हती. आपली भूक चारचौघांना दिसली याचं तिला वाईट वाटलं होतं. लग्नाबिग्नाचा विचार तिच्या डोक्यात आला नव्हता. तिला फक्त समोर बसून कोणीतरी विचारायला हवं होतं, आणि संध्याकाळी कोणाचा तरी ग्लास भरायला हवा होता.

शेवटी इंजिन बरं झालं. बेट झालं, शेळ्या बघून झाल्या. उन्हाळ्यात कासवं जिथे अंडी घालायला येतात ती कासवांची वाळूही झाली. तिथे या दिवसांत कासवाचं नखही दिसत नाही, तरी रिफ्की बेय तिकडे गेले आणि इतर सगळ्या जागांपेक्षा जास्त वेळ तिथे बसले. परत आल्यावर चहाचे सहा ग्लास प्यायले. तिने भरला म्हणून प्यायले, की त्यांनाच उठायचं नव्हतं, हे तिला समजेना.

“मग आता झालं ना सगळं बघून?” त्यांनी विचारलं.

नेझाहत किटलीकडे बघत राहिली. गाव संपलं होतं. एवढंसं गाव, किती पुरणार?

“अजून एक बघायचं राहिलंय,” ती म्हणाली. आणि काय, ते तिलाही माहीत नव्हतं. शब्द तोंडातून निघाले तसे ती स्वतःच ऐकत गेली. “टोकावर, दीपस्तंभाच्या पलीकडे, ऐकण्याचा खडक आहे. त्याला कान लावला की खालून काहीतरी ऐकू येतं. ज्याचं त्याला. पण काय ऐकलं ते कोणाला सांगायचं नसतं.”

ही शेवटची अट तिने हुशारीने घातली असं कोणाला वाटेल. घाबरून घातली होती. माणूस परत येऊन म्हणाला की काहीच ऐकू आलं नाही, तर काय उत्तर द्यायचं?

रिफ्की बेय तिच्याकडे थोडा वेळ बघत राहिले. मग म्हणाले, उद्या जाऊन येतो.

दुसऱ्या दिवशी तिने त्यांच्या खिशांत संत्री कोंबली आणि ते गेल्यावर तिचं कशातच लक्ष लागेना. दीपस्तंभापलीकडे नुसता खडकाळ किनारा आहे, खडकांना तोटा नाही. म्हातारा माणूस कुठे कुठे वाकणार? पाय घसरला तर? आपण एका भल्या माणसाला फसवून दगडांना कान लावायला पाठवलं, या विचाराने तिला जेवण गेलं नाही. दोनदा ती फाटकापर्यंत जाऊन आली. परत आले की खरं सांगून टाकू, असं तिने ठरवलं. मग ठरवलं की नको.

दिवे लागायच्या सुमाराला ते आले. पँटचे गुडघे चिखलाने भरले होते.

“सापडला,” ते म्हणाले.

एवढंच. खुर्चीत बसून ते हात शेकू लागले. नेझाहत चहा ओतायला वाकली तेव्हा तिला दिसलं, त्यांच्या उजव्या कानाला आणि गालाला पांढरं मीठ लागलेलं होतं, वाळून चिकटलेलं. चहा बशीत सांडला, तो तिने पुसला. या माणसाला खडक खोटा आहे हे कळलं असणार, कालच कळलं असणार. तरी तो गेला, आणि त्याने खरोखर कान लावला.

त्यांनी एक ग्लास संपवला. ती दुसरा भरायला पुढे झाली.

“नेझाहत हानम,” रिफ्की बेय म्हणाले, “एक चमचा मिळेल का?”

तिला ऐकू आलं होतं. तरी ती म्हणाली, “साखर हवीय?”

“नाही. नुसता चमचा.”

ती उठली. चमच्यांचा खण स्टोव्हच्या शेजारीच होता, पण तिला तो उघडायला वेळ लागला. कधीही न वापरलेला, लग्नातल्या संचातला एक चमचा तिने काढला, फडक्याने पुसला आणि त्यांच्या बशीत ठेवला. त्यांनी तो उचलला आणि रिकाम्या ग्लासावर अगदी हलक्या हाताने आडवा ठेवला. दोघंही त्या चमच्याकडे बघत बसली.

मग त्यांनी सांगितलं. बायको गेली होती, मुबेज्जेल नाव. मृत्यूनंतरच्या बावन्नाव्या दिवसाचं कुराणपठण परवा आहे, सगळे नातलग जमणार, घरच्या माणसाने तिथे नसणं बरं दिसत नाही. बायकोला कासवं बघायची होती. कुठेतरी टीव्हीवर तिने ताश्लीबुकची वाळू बघितली होती आणि वर्षानुवर्षं म्हणत होती, जाऊ या. हे म्हणत होते, पुढच्या उन्हाळ्यात. ती गेल्यावर घर खायला उठलं, म्हणून हे एका रात्रीसाठी आले होते. कासवांची वाळू पहिल्याच दिवशी बघून परत जायचं होतं.

“तुम्ही ती मला शेवटी दिलीत, ते बरं केलंत,” ते म्हणाले. “एकदम झेपली नसती.”

नेझाहतला बोलावंसं वाटत होतं. पठण झालं की या, खोली रिकामीच आहे, असं साधं वाक्य होतं. ते तिच्या घशाशी आलं आणि तिथेच राहिलं. ग्लासावर चमचा ठेवलेल्या माणसाला आग्रह करायचा नसतो. ही रीत तिला तिच्या आईने शिकवली होती, आणि त्या क्षणी तिला त्या रीतीचा राग आला.

सकाळच्या पहिल्या मिनीबसने ते गेले. तिने स्वेटरच्या कोपराचं भोक रात्रीच शिवून ठेवलं होतं, ते निघताना त्यांना कळलं की नाही, कोण जाणे. मिनीबस वळणावर दिसेनाशी झाल्यावर ती घरात आली. ग्लास रात्रीपासून तसाच होता, चमचा आडवा. तिने तो उचलला नाही. वरच्या खोलीतली चादर काढायला गेली तर चादर घडी घालून ठेवलेली, उशी सरळ, जणू कोणी आलंच नव्हतं. ती पलंगाच्या कडेवर बसली आणि रडली. मोठ्याने रडली, कारण ऐकायला कोणी नव्हतं.

मग तिने तोंड धुतलं, डोक्याला रुमाल बांधला, तालिपचे जुने बूट चढवले आणि खिशात दोन संत्री टाकली. साइमेने दुकानातून विचारलं, पाहुणा गेला म्हणतात, आता तू कुठे निघालीस? नेझाहत म्हणाली, बघायला. काय बघायला, हे विचारेपर्यंत ती वळून गेली होती.

टोकापर्यंतचा रस्ता तिच्या आठवणीपेक्षा लांब होता. दीपस्तंभाशी ती दम खायला थांबली. खाली खडकच खडक, काळे, सगळे सारखे. यातला कोणता म्हणून शोधायचा? आणि जो नाहीच तो कसा सापडणार, या विचाराने तिला स्वतःचंच हसू आलं. ती हातापायांवर उतरत, बसत, सरकत खाली गेली. पाण्याजवळ एका बसक्या खडकावर संत्र्याच्या साली होत्या. नीट एकावर एक ठेवलेल्या, वर छोटा दगड, उडू नयेत म्हणून.

ती त्या खडकाशेजारी गुडघे टेकून बसली. दगड गार होता. तिने रुमाल मागे सारला आणि कान लावला.

किती वेळ ती तशी होती कोणास ठाऊक. खिशातला फोन वाजला तेव्हा ती दचकली. दुपार झाली होती. गुल्चिन होती.

“आई, गेला का गं तुझा पाहुणा?”

नेझाहतने गालावरचं मीठ पुसलं. “तो गेला.”

“हुश्श. मग यांना शनिवारी पाठवते गाडी घेऊन. तू कुलूप...”

“दुसरी आली आहे.”

“दुसरी? आता कोण?”

“एक बाई आहे.”

“नोव्हेंबरात? बाई? बरोबर कोण आहे तिच्या?”

“कोणी नाही. एकटीच आहे. माझ्याच वयाची आहे.” समोर पाणी शांत होतं, आणि लांबवर बेटावर शेळ्यांचे पांढरे ठिपके दिसत होते. “तिने इथलं काहीसुद्धा बघितलेलं नाही गं. किल्ला राहिलाय, चर्च राहिलंय, सगळंच राहिलंय. आज कुठे सुरुवात केलीय. तिला एकटीला टाकून कशी येऊ सांग.”

पलीकडून आठव्या मजल्यावरच्या टीव्हीचा आवाज येत होता, आज ती घरीच असावी. मग तो थांबला, गुल्चिननेच बंद केला असावा.

“आई,” ती हळू आवाजात म्हणाली, “थंडी पडेल आता. खोलीत हीटर लाव तिच्या. आणि जेवायला नीट घाल.”

“घालते,” नेझाहत म्हणाली.

फोन ठेवून तिने एक संत्रं सोललं. साली पहिल्या सालींवर ठेवल्या आणि वरचा दगड पुन्हा नीट बसवला.